बेरीचा क्लब का बुडाला? इंग्लिश फुटबॉलमधली पैशाची वाटणी, सोप्या भाषेत

27 ऑगस्ट 2019 च्या सकाळी इंग्लंडमधल्या बेरी गावात शेकडो माणसं झाडू, बादल्या आणि फडकी घेऊन गिग लेन या फुटबॉलच्या मैदानावर जमली. हंगाम सुरू होऊन तीन आठवडे उलटले होते. पैशांची हमी नाही म्हणून बेरीचा एकेक सामना पुढे ढकलला जात होता. पण क्लब विकत घ्यायला एक कंपनी तयार आहे अशी बातमी होती, आणि शनिवारी घरच्या मैदानावर सामना होईल या आशेने लोक खुर्च्या पुसत होते, पायऱ्यांवरचं तण उपटत होते. दुपारी त्या कंपनीने हात वर केले. रात्री उशिरा क्लबांची स्पर्धा चालवणाऱ्या लीगने जाहीर केलं की बेरी फुटबॉल क्लबची हकालपट्टी करण्यात आली आहे.

1885 मध्ये स्थापन झालेला, 1894 पासून लीगमध्ये खेळणारा हा क्लब. इंग्लंडमधल्या क्लबांची मोठी बाद स्पर्धा असलेला एफए कप त्याने दोनदा जिंकला होता, 1900 मध्ये आणि 1903 मध्ये. 1903 च्या अंतिम सामन्यात त्यांनी डार्बी काउंटीला 6-0 असं हरवलं. एवढ्या फरकाने एफए कपचा अंतिम सामना जिंकणं पुढे 116 वर्षं कुणाला जमलं नाही. ज्याला जमलं तो मँचेस्टर सिटी. सिटीने 2019 च्या मे महिन्यात वॉटफर्डला 6-0 हरवून बेरीच्या विक्रमाची बरोबरी केली, आणि त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत बेरी लीगबाहेर फेकला गेला. सिटीचं मैदान गिग लेनपासून गाडीने अर्ध्या तासावर आहे.

अशी बातमी आली की आपण मालकाला दोन शिव्या देऊन मोकळे होतो. बेरीच्या बाबतीत त्या शिव्या रास्तही आहेत. पण इंग्लंडमध्ये गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एवढे क्लब डबघाईला आले आहेत की सगळे मालक वाईट निघाले असं म्हणून भागत नाही. खेळात पैसा नाही असंही नाही, उलट इतका पैसा या खेळात पूर्वी कधीच नव्हता. तो ज्या पद्धतीने वाटला जातो, ती पद्धतच छोट्या क्लबांना उसनवारीच्या जुगाराकडे ढकलते, आणि जुगार हरला की पैसे मात्र भलत्याच माणसांचे बुडतात. हे कसं होतं ते एकदा नीट बघायला हवं.

आधी रचना

इंग्लंडमध्ये सर्वात वर प्रीमियर लीग, तिच्यात 20 क्लब. तिच्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, प्रत्येकीत 24. या खालच्या तिन्ही मिळून 72 क्लबांचा कारभार ईएफएल ही संस्था बघते. त्याखालीही श्रेणींमागे श्रेणी आहेत, पार गावपातळीपर्यंत. दरवर्षी प्रत्येक श्रेणीतले वरचे काही क्लब बढती मिळवून वर जातात आणि तळाचे खाली घसरतात. आपल्या आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच असतो. इंग्लंडमध्ये तसं नाही, आणि घसरणारा क्लब जागेबरोबर उत्पन्नही गमावतो.

पूर्वी या घसरणीचा चटका सोसण्याजोगा होता. 1983 पर्यंत लीगच्या सामन्यांत तिकिटांच्या पैशातला काही वाटा पाहुण्या संघालाही मिळत असे. टीव्हीचे पैसे सगळ्या 92 क्लबांत सारखे वाटले जात. मोठ्या क्लबांना ते खुपू लागलं. वेगळं होण्याच्या धमक्या देत देत त्यांनी आधी तिकिटांची वाटणी बंद करून घेतली, मग टीव्हीच्या पैशातला मोठा वाटा आपल्याकडे वळवला, आणि 1992 मध्ये ते खरोखरच वेगळे झाले. प्रीमियर लीग जन्माला आली ती अशी. तिथून पुढे वरच्या क्लबांनी आपले टीव्हीचे हक्क स्वतः विकायचे आणि खालच्या 72 क्लबांनी आपले.

आजचे आकडे बघा. 2025 ते 2029 या चार हंगामांसाठी प्रीमियर लीगने फक्त ब्रिटनमधले प्रक्षेपणाचे हक्क 670 कोटी पौंडांना विकले आहेत, परदेशातले हक्क वेगळे. ईएफएलचा 2024 ते 2029 चा करार 93.5 कोटी पौंडांचा आहे, तोही पाच वर्षांसाठी. वर्षाचा हिशोब केला तर वर 20 क्लबांत 165 कोटींहून जास्त, आणि खाली 72 क्लबांत 19 कोटींहून कमी.

त्या 19 कोटींतही उतरंड आहे. ईएफएलच्या पैशातले 80 टक्के चॅम्पियनशिपला, 12 टक्के लीग वनला आणि 8 टक्के लीग टूला जातात. म्हणजे या करारातून लीग टूच्या एका क्लबाच्या पदरात वर्षाला साधारण सहा लाख पौंड पडतात. प्रीमियर लीग खाली काही पैसे 'सॉलिडॅरिटी' म्हणून पाठवते, ते यात धरलेले नाहीत. पण तुलनेसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रीमियर लीगमध्ये विसाव्या क्रमांकावर, म्हणजे अगदी तळाला राहिलेल्या क्लबालाही लीगकडून एका हंगामाचे 10 कोटी पौंडांहून जास्त मिळतात.

पॅराशूट, आणि त्यातून होणारा गोंधळ

प्रीमियर लीगमधून घसरलेल्या क्लबाचं उत्पन्न एका रात्रीत कोसळतं, पण खेळाडूंचे करार तसेच चालू असतात. तो एकदम आपटू नये म्हणून त्याला तीन वर्षं भरपाई मिळते. टीव्हीच्या पैशातला जो भाग प्रीमियर लीगच्या सगळ्या क्लबांना सारखा मिळतो, त्याच्या पहिल्या वर्षी 55 टक्के, दुसऱ्या वर्षी 45 आणि तिसऱ्या वर्षी 20. वर एकच हंगाम काढून खाली आलेल्याला दोनच वर्षं मिळते. याला पॅराशूट पेमेंट म्हणतात. पहिल्या वर्षाची रक्कम साडेचार कोटी पौंडांच्या पुढे जाते.

हेतू वाईट नाही. परिणाम मात्र वाईट आहे. कारण हा क्लब आता चॅम्पियनशिपमध्ये खेळतो, तिथल्या ज्या क्लबांना पॅराशूट नाही त्यांच्याशी. एकाच्या हातात चार-पाच कोटी जादा, दुसऱ्याच्या हातात काही नाही, आणि दोघांचंही ध्येय एकच, वर जायचं. मग पॅराशूट नसलेला क्लब काय करतो? कर्ज काढून, मालकाच्या खिशातून, उद्याच्या आशेवर आज पगार वाढवतो.

2018-19 च्या हंगामात चॅम्पियनशिपच्या क्लबांनी मिळून आपल्या एकूण उत्पन्नाच्या 107 टक्के रक्कम नुसत्या पगारांवर खर्च केली. महिन्याला 50 हजार कमावणाऱ्या घराने स्वयंपाकीण आणि ड्रायव्हरच्या पगारावरच साडेत्रेपन्न हजार घालवावेत, आणि किराणा, वीजबिल, मुलांची फी अजून बाकी असावी, तसं हे आहे. तेही एखाद्या उधळ्या क्लबाचं नाही, अख्ख्या श्रेणीचं चित्र. आणि असं वर्ष हे एकटंच नाही.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे लोक मूर्ख नाहीत. वर गेलं तर 10 कोटी, इथेच राहिलं तर जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं, अशी स्थिती असेल तर जुगार खेळणं हा त्या एका क्लबापुरता समजण्यासारखा निर्णय ठरतो. पण वर जाणारे तीनच. 24 जणांनी खेळलेल्या जुगारात दरवर्षी 21 जण हरणार हे आधीच ठरलेलं असतं.

यावर नियम नाहीत का? आहेत. चॅम्पियनशिपमध्ये तीन वर्षांत मिळून 3.9 कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा करायचा नाही, असा नियम आला. तेव्हा डार्बी काउंटीने आपलं स्टेडियम आपल्याच मालकाला 8.1 कोटी पौंडांना विकून कागदावरचा तोटा भरून काढला. शेफील्ड वेन्सडेनेही हिल्सबरो हे आपलं मैदान असंच मालकाकडे वळवलं. स्टेडियम जागचं हललं नाही, प्रेक्षक त्याच खुर्च्यांवर बसत राहिले, फक्त क्लबाच्या नावावरची सर्वात मोठी मालमत्ता गेली. डार्बी 2021 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, त्याचे एकूण 21 गुण कापले गेले आणि तो खाली घसरला. शेफील्ड वेन्सडेवर तीच पाळी ऑक्टोबर 2025 मध्ये आली. लीग वन आणि लीग टूमध्ये पगार उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांतच ठेवायचे असा नियम होता, पण मालकाने क्लबात घातलेले पैसेही उत्पन्न म्हणून धरले जात. म्हणजे मालक पैसेवाला असला, किंवा तसा दिसला, की मर्यादा आपोआप सैल.

बेरीत नेमकं काय घडलं

बेरीच्या मैदानावर सरासरी चार हजारांच्या आसपास माणसं येत. एवढ्या गर्दीवर जो संघ परवडतो त्याहून बराच महाग संघ क्लबाने उभा केला. तेव्हाचे मालक बांधकाम व्यवसायातले होते. त्यांच्या काळात गिग लेन मोठ्या व्याजाच्या कर्जासाठी गहाण पडलं. एवढंच कशाला, मैदानालगतच्या पार्किंगच्या जागासुद्धा एकेक करून गुंतवणूकदारांना विकल्या गेल्या. आधीच गहाण टाकलेल्या मैदानाभोवतीच्या गाड्या लावायच्या जागा लोकांना 'परतावा मिळेल' म्हणून विकायच्या! क्लब कुठवर घसरला होता हे कळायला ताळेबंद उघडायचीही गरज नव्हती.

डिसेंबर 2018 मध्ये त्यांनी क्लब स्टीव्ह डेल नावाच्या गृहस्थांना विकला, एका पौंडाला. जुन्या मालकांची बांधकाम कंपनी पुढे काही महिन्यांत बुडालीच. नव्या मालकांनी नंतर एका मुलाखतीत सांगितलं की बेरी नावाचा फुटबॉल संघ आहे हेही आपल्याला आधी ठाऊक नव्हतं. क्लब चालवायला लागणारा पैसा त्यांच्याकडे आहे का, तो कुठून येणार, याचा समाधानकारक पुरावा लीगला मिळण्याआधीच व्यवहार पूर्ण झाला होता, आणि लीगच्या तेव्हाच्या नियमांत तो तसा होऊ शकत होता. सव्वाशे वर्षांची संस्था हातोहात विकली गेली आणि घेणाऱ्याचं बँकखातं बघायची कुणावर सक्ती नव्हती. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त चीड कशाची येत असेल तर याची.

आणि खेळाडू? त्या हंगामात पगार थकलेले असताना ते खेळत राहिले आणि लीग टूमध्ये दुसरे येऊन बढती मिळवून दाखवली. एप्रिलमध्ये बढती, ऑगस्टमध्ये हकालपट्टी. हकालपट्टीआधीच्या दिवसांत क्लबाच्या एका माजी संचालक बाईंनी स्वतःला गिग लेनच्या पन्हाळीच्या नळाला बेड्यांनी जखडून घेतलं. तिथल्या एका स्टँडला त्यांच्या वडिलांचं नाव होतं.

हकालपट्टीच्याच रात्री शेजारच्या बोल्टन वाँडरर्सवरही टांगती तलवार होती. 2012 पर्यंत प्रीमियर लीगमध्ये असलेला हा क्लब. त्याला 14 दिवसांची मुदत मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी खरेदीदार सापडला. बोल्टनचं स्टेडियम मोठं, नाव मोठं. चार हजार प्रेक्षकांच्या बेरीसाठी तसं कुणी धावून आलं नाही.

पैसे कोणाचे बुडतात

क्लब बुडाला की साधारणपणे प्रशासक नेमला जातो किंवा घेणेकऱ्यांशी तडजोड केली जाते. शंभर देणं असेल तर वीस-पंचवीस घ्या आणि मिटवा. इथे फुटबॉलचा एक खास नियम आड येतो. लीगमध्ये राहायचं असेल तर खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी पूर्ण चुकवावी लागतात. बाकीच्यांनी उरलंसुरलं वाटून घ्यायचं. बेरीच्या तडजोडीतही असंच ठरलं होतं, फुटबॉलच्या घेणेकऱ्यांना पूर्ण रक्कम आणि तारण नसलेल्या बाकीच्यांना 25 टक्के.

बाकीचे म्हणजे कोण? पोर्ट्समथचं उदाहरण घ्या. 2008 मध्ये एफए कप जिंकला, 2010 च्या फेब्रुवारीत प्रशासकाच्या ताब्यात गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना ही पाळी आलेला तो पहिला क्लब. त्याच्या घेणेकऱ्यांच्या यादीत सरकारी करखातं होतं, शहरातले छोटे पुरवठादार होते, आणि सामन्यांना प्रथमोपचार पुरवणारी सेंट जॉन अॅम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. लाखो पौंड पगार घेणाऱ्या आघाडीवीराला पै न पै, आणि भोवळ आलेल्या प्रेक्षकाला स्ट्रेचरवर घालणाऱ्यांना चाराणे. करखात्याने या नियमाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. 2012 मध्ये ते हरले.

नियमामागे तर्क आहे, तोही सांगायला हवा. एका क्लबाने खेळाडू उधारीवर घेतला आणि पैसे बुडवले तर विकणारा दुसरा छोटा क्लबही बुडेल, अशी साखळी लागू नये म्हणून हा बंदोबस्त. पण त्याचा दुसरा अर्थ असा होतो की खेळाडू विकणाऱ्याला समोरच्याची पत बघायची गरज उरत नाही. जोखीम सगळी गावातल्या खाटकाच्या, छापखानेवाल्याच्या, इलेक्ट्रिशियनच्या डोक्यावर, आणि त्यांना तर याचा पत्ताही नसतो.

पुण्याचा धागा

बेरीहून थोडं वायव्येला गेलं की ब्लॅकबर्न लागतं. 1995 मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब नोव्हेंबर 2010 पासून आपल्या पुण्याच्या वेंकीज समूहाच्या मालकीचा आहे. दीड वर्षात क्लब प्रीमियर लीगमधून घसरला आणि अजून परतलेला नाही. मालकांच्या कारभारावर तिथले चाहते वर्षानुवर्षं नाराज आहेत. पण त्याच मालकांनी दरसालचा तोटा भरत क्लब चालू ठेवला, हेही तितकंच खरं.

मग एक अशी अडचण आली जिचा फुटबॉलशी संबंधच नाही. ईडीच्या एका चौकशीमुळे भारतातून क्लबाला पैसे पाठवायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि तितक्याच रकमेची बँक हमी द्यायची वेळ आली. चौकशी म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, पण लँकशायरमधल्या क्लबाचा खर्च दिल्लीतल्या तारखांवर अवलंबून राहिला. याच काळात, 2024 च्या सुरुवातीला, ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, लहानपणापासून क्लबाच्या अकादमीत वाढलेला अॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला, सुमारे 1.8 कोटी पौंडांना. मालक चांगला की वाईट हा प्रश्न बाजूला ठेवा. उत्पन्नावर पोट भरत नाही म्हणून एकाच खिशावर जगणाऱ्या क्लबाचं हे असं होतं.

महाराष्ट्राला हे नवं नाही. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये कंपनीच्या एका निर्णयाने बंद झाला. तिथे कर्ज नव्हतं, घेणेकरी नव्हते. खिसा मिटला आणि क्लब संपला.

सावरण्याचे प्रयत्न

बेरीच्या चाहत्यांनी हार मानली नाही. काहींनी नवा क्लब काढला आणि पार खालच्या प्रादेशिक लीगपासून सुरुवात केली, काही गिग लेन परत मिळवण्याच्या मागे लागले. 2022 मध्ये सरकारी निधीतल्या 10 लाख पौंडांच्या मदतीने मैदान चाहत्यांच्या संस्थेने विकत घेतलं. मधल्या काळात या दोन गटांत कडाक्याचे वाद झाले, घराघरांत अबोले झाले. 2023 मध्ये ते एकत्र आले आणि बेरी पुन्हा गिग लेनवर खेळू लागला.

पण दरवेळी चाहत्यांनीच झोळी का फिरवायची? 2002 मध्ये खालच्या क्लबांचे सामने दाखवण्याचे हक्क घेतलेली आयटीव्ही डिजिटल ही टीव्ही कंपनी बुडाली, त्या क्लबांचे 17 कोटींहून जास्त पौंड बुडाले, तेव्हाही बेरी प्रशासकाकडे गेला होता आणि तेव्हाही गावानेच पैसे जमवून तो वाचवला होता. त्या करारावर तिच्या मालक कंपन्यांची हमीच घेतलेली नव्हती. चूक लीगच्या कार्यालयात झाली, वर्गणी बेरीच्या लोकांनी काढली.

ब्रिटिश संसदेने अखेर कायदा केला. हुजूर पक्षाच्या तेव्हाच्या खासदार ट्रेसी क्राउच यांच्या समितीने 2021 मध्ये शिफारस केली आणि जुलै 2025 मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा मंजूर झाला. आता वरच्या पाच श्रेणींतल्या 116 क्लबांना एका स्वतंत्र नियामकाचा परवाना लागणार. मालक होऊ पाहणाऱ्याच्या पैशाचा उगम तपासला जाणार. नियामकाच्या संमतीशिवाय स्टेडियम विकता किंवा गहाण टाकता येणार नाही. बेरीच्या वेळी यातली एकेक गोष्ट असती तर काय झालं असतं, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

तरीही परवाना आणि तपासणी यांनी फक्त लबाड आणि कफल्लक मालक अडतील. जुगार खेळायला लावणारी ती दरी तशीच राहील. त्यासाठी कायद्यात एक शेवटचा उपाय ठेवला आहे. वाटणीवर प्रीमियर लीग आणि ईएफएलचं जमलं नाही तर नियामक दोघांचे प्रस्ताव मागवून निर्णय लादू शकतो, आणि पॅराशूटची रक्कमही त्याच्या कक्षेत येते. वर्षानुवर्षं या दोन संस्थांच्या बैठका होत आल्या आहेत आणि हाती काही लागलेलं नाही, कारण वरच्या 20 क्लबांपैकी निम्म्यांना उद्या आपण घसरू अशी धास्ती असते आणि पॅराशूट हा त्यांचा स्वतःचा विमा आहे. तो ते आपखुशीने सोडणार नाहीत. म्हणून नियामकाने हा अधिकार वापरावा आणि सुरुवात पॅराशूटपासूनच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. घसरलेल्या मोजक्या क्लबांना मिळणारी ती रक्कम 72 जणांत वाटली तर प्रीमियर लीगच्या क्लबांना स्वतःच्या खिशातून एक पौंडही जास्त द्यावा लागणार नाही. घसरणाऱ्यांना खेळाडूंच्या करारात 'खाली गेलो तर पगार इतका कमी' हे कलम मात्र घालावं लागेल, जे आजही अनेक क्लब घालतात.